चहातली साखर आणि रात्रीची शतपावली

वजन उतरविण्याच्या इच्छेने जे एकदम उपासतापासाचा मार्ग धरतात, त्यांना माझी कळकळीची विनंती अशी, की त्यांनी प्रथम आपल्या दिवसभराच्या चहाचा हिशेब मांडावा. सपाट चमचाभर साखर सुमारे ४ ग्रॅम आणि ग्रॅमला ४ कॅलरी. तेव्हा दोन चमचे साखरेचे पाच कप घेणाऱ्याच्या खाती, अन्नाचा घासही न घेता, दररोज ४० ग्रॅम साखर व १६० कॅलरी जमा होतात. आणि जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१५ साली अशी साखर दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅमांच्या आत ठेवणे अधिक हितावह ठरविले आहे. मी दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करीत गेलो, आणि दोन महिन्यांत बिनसाखरेच्या चहातील आल्याचा व गवती चहाचा मूळ स्वाद जिभेला प्रथमच कळला.

तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणून फोडणीचे तेल चमच्याने मोजूनच घालावे.

रात्रीचे जेवण लवकर उरकून वाडवडिलांची शतपावली मात्र अवश्य चालू ठेवावी. कारण चालणारे स्नायू नुकत्याच जेवलेल्या अन्नाची रक्तात उतरलेली साखर तत्काळ खर्ची घालतात, आणि त्यासाठी घरचा व्हरांडाही पुरतो.