संधिज्वरजन्य हृदयझडप विकार

मालागोलाणूंमुळे (साखळीच्या रूपात वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे) घशाला संसर्ग झाल्यानंतर शरीरातील प्रतिरक्षा कोशिकांनी स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर केलेल्या आघातातून उद्‌भवणारा दीर्घकालिक विकार. झडपेत जिवंत जंतू सामान्यतः आढळत नाहीत, हे त्याचे लक्षणीय वैशिष्ट्य होय.

संधिज्वर मुख्यतः ५ ते १५ वर्षे वयात होतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ज्वर येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात. सांधे पूर्ववत होतात. झडपांचे तसे होईलच असे नाही.

‘अ’ गटातील मालागोलाणूंचे एम-प्रथिन व त्यांच्या भित्तीतील कार्बोहायड्रेट यांचे हृदयातील मायोसीन आणि झडपेतील लॅमिनीन या प्रथिनांशी संरचनात्मक साम्य असते. त्यामुळे बी-लसीका कोशिकांनी जंतूंविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे झडपेच्या अंतःस्तरालाही चिकटतात. क्षुब्ध झालेल्या अंतःस्तरावर आसंजक रेणू प्रकट होतात व त्यांच्या आधाराने टी-लसीका कोशिका झडपेत शिरतात. निरोगी झडपेच्या दलांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) तेथे नव्या केशवाहिन्या फुटतात आणि पुढील हल्ल्यास वाट तयार होते. टी-कोशिकांच्या इंटरफेरॉन-गामासारख्या स्रावांनी महाभक्षी कोशिका चेतविल्या जातात. जर्मन विकृतिवैज्ञानिक लुटविख आशोफ यांनी १९०४ मध्ये हृदयाच्या स्नायूत वर्णिलेल्या ग्रंथिका म्हणजे मुख्यत्वे याच कुळातील कोशिकांचे पुंज होत. शेवटी तंतुजन कोशिका कोलॅजेन साठवितात, दले जाड होतात आणि त्यांच्या कडा परस्परांस जुळतात. द्विदली झडप सर्वाधिक ग्रस्त होते. ती अरुंद झाल्यास डाव्या अलिंदात व फुप्फुसांत रक्त तुंबून धाप लागते. स्त्रियांत हा विकार पुष्कळदा प्रथम गर्भारपणी, रक्ताचे आकारमान वाढल्यावर, उघड होतो.

पाश्चात्त्य देशांत झडप अरुंद होण्यास बहुधा दशके लागत. भारतात मात्र विशीच्या आतील रुग्णांतही तीव्र संकोच आढळतो, हे सुजय बी. रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये निदर्शनास आणले. वारंवार होणारा संसर्ग हे त्याचे एक कारण मानले जाते.

ॲस्पिरीन व स्टेरॉइडे यांनी शोथ कमी होतो, परंतु झडपेवरील व्रण टळतो असे सिद्ध झालेले नाही. म्हणून प्रतिरक्षा कोशिकांना आवरण्यापेक्षा त्यांना चेतविणारा जंतू पुन्हा शिरू न देणे हाच खरा उपाय ठरतो. त्यासाठी प्रौढांना बेंझाथीन पेनिसिलिनाचे १२ लक्ष एककांचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) दर तीन ते चार आठवड्यांनी देतात. हृदयास इजा झालेली असल्यास निदान दहा वर्षे, प्रसंगी चाळिशीपर्यंत. औषध स्वस्त आहे. अवघड आहे ते सातत्य. जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जातात व सु. सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत दाटीवाटीने राहतात. मुलेही बरोबर असतात. घशाचा संसर्ग पसरण्यास ही दाटी अनुकूल असते आणि नेमक्या याच काळात गावच्या आरोग्य केंद्रातील मात्रा चुकण्याचा संभव असतो. रुग्णाजवळ मात्रांची नोंद असलेले कार्ड असल्यास ती दुसऱ्या केंद्रात पुढे चालविणे सोपे जाते.

अरुंद झडप फुग्याने रुंदावण्याची पद्धत जपानी शल्यविशारद कान्जी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली भारतीय कृत्रिम झडप प्रथम १९९० मध्ये बसविण्यात आली. धातूच्या झडपेबरोबर रक्तक्लथनरोधी (रक्त गोठू न देणारे) औषध आजन्म घ्यावे लागते. उरलेल्या झडपा त्याच कोशिकांच्या आवाक्यात असल्याने शस्त्रक्रियेनंतरही पेनिसिलीन चालूच ठेवतात.