मृतांची नावे लिहा, गोळाबेरीज नको!

युद्ध संपले की आकड्यांची लढाई सुरू होते. मारणारा आकडा दडवतो, मार खाणारा रागाने वाढवतो आणि मेलेला माणूस दोघांच्याही हिशेबातून गळून पडतो. बोस्नियाचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे.

तेथे १९९२ ते १९९५ या काळात युद्ध झाले. मृतांचा आकडा दोन लाख, असे पुढे वर्षानुवर्षे जगभर छापले गेले. साराजेव्होच्या संशोधन व दस्तऐवज केंद्राने मिर्साद तोकाचा यांच्या नेतृत्वाखाली एकेका मृताची नोंद करायला घेतली. आप्तांच्या साक्षी, लष्करी याद्या, वृत्तपत्रे हे सारे एकमेकांशी ताडून पाहिले. एकच माणूस दोनदा आला, तर एक नोंद काढली. २००७ साली जाहीर झालेल्या यादीत ९७,२०७ मृत होते. पैकी ३९,६८४ नागरिक.

दोन लाखांचे निम्मे झाले! गुन्हा लहान केला, म्हणून स्वकीयांनीच तोकाचांवर टीका केली. आमचे मत वेगळे आहे. फुगवलेला आकडा आरोपीच्या वकिलालाच उपयोगी पडतो. एक नोंद खोटी ठरली की तो सगळी यादी खोटी म्हणतो. उलट याच यादीने दाखवून दिले की, मृत नागरिकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम होते. 'सगळेच सारखे बळी' म्हणणाऱ्यांची तोंडे यामुळे बंद होतात.

अर्थात नावांची यादी ही किमान संख्या असते. ज्याचे अख्खे कुटुंब संपले, त्याची नोंद कोण देणार? नागरिक कोण, सैनिक कोण, हेही सोपे नाही. वारसांना निवृत्तिवेतन मिळावे म्हणून काही नागरिक मृत्यूनंतर सैनिक म्हणून नोंदले गेले.

आणि प्रेतच सापडले नाही तर? जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात सुमारे ८,००० पुरुष व मुलगे मारले गेले. पुरावा नष्ट करण्यासाठी प्रेते यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरली. एकाच माणसाची हाडे वेगवेगळ्या खड्ड्यांत निघाली. नातेवाइकांच्या रक्ताशी हाडांचा डीएनए जुळवून सुमारे ७,००० जणांची ओळख पटवली गेली. हेगच्या न्यायालयात हा पुरावा टिकला.

वाचकहो, कोठेही माणसे मारली गेली की नाव, वय, तारीख, ठिकाण, साक्षीदार लगेच लिहून ठेवा. आपण उशीर केला, तर हिशेब मारणारा लिहितो.