बोडीतलं पाणी आणि आतड्यातले जिवाणू

भंडारा जिल्ह्यात पाटाचं पाणी वाहतं असेपर्यंत त्यात शेवाळ फारसं साचत नाही. तेच पाणी बोडीत अडून राहिलं, की काही आठवड्यांत हिरवं होतं. ऊन तेच, पाणीही तेच. वाढण्याचा वेग जास्त की वाहून जाण्याचा, यावर सगळं ठरतं. आपल्या पोटातही हाच हिशोब चालू असतो.

मोठ्या आतड्यात एका ग्रॅममागे सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एका मिलिलिटरला हजारभरसुद्धा नसतात. नळी एकच, ऊब सारखीच, उलट अन्न वरच्या भागातच जास्त! मग असं का?

जठरातलं आम्ल बरेच जिवाणू मारतं, पित्तही त्यांना आवरतं. पण खरं काम आतड्याच्या हालचालीचं आहे. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठराकडून खाली जाते आणि उरलंसुरलं झाडून नेते. ही लाट थांबली तर काय होईल, ते वर्गात फळ्यावर मांडून पाहावं. हजार जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट होतील. २ चा २० वा घात म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. हजाराचे शंभर कोटींवर जातात!

जुन्या मधुमेहात आतड्याच्या नसा बिघडतात, आतड्याच्या क्षयात नळी जागोजागी अरुंद होते, एखाद्या शस्त्रक्रियेनंतर बंद कप्पा उरतो. अशा ठिकाणी बोडी तयार होते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यानेही धोका वाढतो.

मग जिवाणू आपल्या आधी जेवायला बसतात. साखरेचं किण्वन होऊन पोट फुगतं, जुलाब होतात. पित्तक्षारांची मोडतोड झाल्याने स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. ब-१२ जीवनसत्त्व जिवाणू फस्त करतात, फोलेट मात्र स्वतः बनवतात. म्हणून रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर, ही जोडी दिसली की डॉक्टरांना शंका येते.

तपासणी मोठी गमतीची आहे. माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाहीत. श्वासात तो आला तर जिवाणूंकडूनच. उपाशीपोटी ग्लुकोज पाजून ठरावीक वेळाने श्वास तपासतात. ग्लुकोज एरवी लहान आतड्यातच शोषलं जातं. दीड तासात हायड्रोजन दशलक्षांशी २० भागांनी वाढला, तर जिवाणूंनी ते वाटेतच गाठलं असं मानतात. ग्लुकोजऐवजी लॅक्ट्युलोज दिलं तर ते न शोषता मोठ्या आतड्यापर्यंत जातंच. तिथे लवकर पोचलं तर चाचणी फसते.

पण जिवाणू सापडले म्हणजे आजार, असं म्हणायला आम्ही कचरतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील अल्बर्ट, मथान आणि बेकर यांनी १९८० साली दाखवलं, की लहान आतड्यातले काही जिवाणू ब-१२ बनवूही शकतात. कोण राहतं, हे किती राहतात याइतकंच महत्त्वाचं.

मुलांच्या बाबतीत प्रश्न गंभीर होतो. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतल्या दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. साधारण सहातल्या एका मुलात श्वासचाचणी सदोष आली. या मुलांची उंची मागे पडलेली होती आणि त्यांच्या घराबाहेर उघडं गटार असण्याचं प्रमाण जास्त होतं. जुलाबांशी मात्र संबंध दिसला नाही! म्हणजे जुलाब नाहीत म्हणून आतडं ठीक, असं म्हणता येत नाही. गर्दीमुळे वाढ खुंटली की उलट, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरी नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात उतरतं, त्या काठच्या शिक्षकांनी हे निरीक्षण ध्यानात ठेवावं.

उपचारात प्रतिजैविकं देतात. त्यांनी गर्दी ओसरते, पण अडथळा तसाच राहिला तर काही महिन्यांत ती पुन्हा जमते. म्हणून डॉक्टर आधी अडथळा शोधतात, आणि ब-१२ कमी असेल तर तेही भरून काढतात.