स्ट्रोक वाढवला, पण मेळ साधला का?

यवतमाळ - दुचाकीच्या इंजिनाची ताकद वाढवून घेण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही ‘क्रँक बदलला की सीसी वाढते’ असे सांगणारे भेटतात. हे विधान अर्धेच खरे आहे. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन या तिघांचा मेळ बसला नाही, तर हजारो रुपये खर्चून बांधलेले इंजिन पहिल्याच उन्हाळ्यात निकामी होऊ शकते. धावत्या गाडीत ते जाम झाले, तर चालकाच्या जिवावरही बेतू शकते.

सीसी कशी वाढते?

इंजिनाची क्षमता दोन मापांवर ठरते. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनचा वर-खाली प्रवास म्हणजे स्ट्रोक. जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, तर ५०० सीसी बुलेटचा ८४ मिलिमीटर होता. दोन्हींचा स्ट्रोक मात्र ९० मिलिमीटरच. येथे क्षमता वाढली ती बोअरमुळे.

पुण्याच्या बजाज ऑटोच्या पल्सरमध्ये याच्या उलट उदाहरण सापडते. २००७ मध्ये बाजारात आलेल्या पल्सर २०० आणि पल्सर २२० या दोन्ही गाड्यांचा बोअर ६७ मिलिमीटर होता. स्ट्रोक मात्र अनुक्रमे ५६.४ आणि ६२.४ मिलिमीटर. केवळ सहा मिलिमीटरच्या फरकाने क्षमता सुमारे १९९ सीसीवरून २२० सीसीवर गेली. स्ट्रोक वाढवून बांधलेल्या अशा इंजिनालाच ‘स्ट्रोकर’ म्हणतात.

तीन मिलिमीटरचा प्रश्न

स्ट्रोक सहा मिलिमीटरने वाढवायचा, तर क्रँकपिन मध्यापासून तीन मिलिमीटर दूर न्यावी लागते. साहजिकच पिस्टन तीन मिलिमीटर जास्त वर आणि तितकाच जास्त खाली जातो. वर तो हेडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो, तर खाली त्याची कड क्रँकच्या तबकड्यांना घासू शकते.

यासाठी एक साधा हिशेब पाळावा लागतो. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि गजनपिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची या तिन्हींची बेरीज सिलिंडरच्या उंचीशी जुळली पाहिजे. त्याचे तीन मार्ग आहेत. रॉड आखूड घेणे, गजनपिन वरच्या बाजूला असलेला पिस्टन वापरणे, किंवा सिलिंडरखाली जाड पट्टी घालणे. प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. आखूड रॉड अधिक तिरपा होऊन पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर दाबतो. गजनपिन वर सरकली की रिंगांसाठी जागा कमी उरते. पट्टी घातली तर टायमिंग चेनची लांबीही बदलावी लागते.

उष्णता आणि वेग

हेडमधील जागा तीच ठेवून स्ट्रोक वाढवला, तर कॉम्प्रेशनही वाढते. समजा, १९९ सीसी इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.५ आहे, २२० सीसी होताच ते सुमारे १०.४ होईल. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या विदर्भात साध्या पेट्रोलवर अशा इंजिनाला नॉकिंगचा धोका वाढतो आणि सततच्या नॉकिंगने पिस्टनचा माथा वितळू शकतो.

वेगाचेही तसेच. मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर ५६.४ मिलिमीटर स्ट्रोकचा पिस्टन सरासरी १६ मीटर प्रतिसेकंद धावतो, ६२.४ मिलिमीटरला हाच वेग १७.७ मीटर होतो. रॉड आणि गजनपिनवरचा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. पिस्टन जड असेल तर तो आणखी वाढतो आणि क्रँकचा तोल बिघडून गाडी थरथरते. म्हणूनच पिस्टन, पिन व रॉड वजन करूनच निवडावे लागतात.

बांधणीपूर्वीची तपासणी

एक सिलिंडरच्या बहुतेक दुचाकींचा क्रँक दोन तबकड्यांत पिन दाबून बसवलेला असतो. रॉड बदलल्यावर तो डायल गेजवर फिरवून सरळ करणे आवश्यक असते. पिस्टन व सिलिंडरमधील फट मिलिमीटरच्या शतांशात मोजावी लागते. शेवटी पिस्टनच्या माथ्यावर मऊ क्ले ठेवून, हेड कसून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. हेड उघडल्यावर दबलेल्या क्लेची जाडी पाहिली की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधील खरे अंतर कळते. ही तपासणी न करता किक मारणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. इंजिनाची सीसी हा नोंदणीतीलच तपशील आहे. त्यामुळे स्ट्रोकर इंजिनाची जागा बंदिस्त ट्रॅकवर आहे. रस्त्यावरील गाडीला अधिक ताकद हवी असेल, तर अधिक क्षमतेची गाडी घेणे हाच सुरक्षित आणि बहुधा स्वस्तही मार्ग ठरतो.