निवेदकही तोच, ग्रिंचही तोच

डॉ. स्यूस यांच्या १९५७च्या पुस्तकावरून चक जोन्स यांनी केलेला ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ हा ॲनिमेशनपट १८ डिसेंबर १९६६ रोजी सीबीएसवर झळकला. तो टिकला बोरिस कार्लॉफ यांच्या आवाजावर. निवेदक आणि ग्रिंच एकाच नटाला देणं वरवर काटकसर वाटेल. पण त्यामुळेच सणाचा दुस्वास करणारा ग्रिंच परका राक्षस राहत नाही, गोष्ट सांगता सांगता आजोबांनीच काढलेला आवाज वाटतो. फरक साधला ध्वनिमुद्रणात: ग्रिंचच्या संवादांतले वरचे स्वर छाटून आवाज खरखरीत केला, निवेदन मऊच ठेवलं.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षस झालेले कार्लॉफ मुलांना घाबरवतील, ही धास्ती खुद्द स्यूसना होती. पण भीती वाढू लागली की मऊ निवेदन तिला वेसण घालतं. मग ग्रिंचवरच्या गाण्याचं काय, ते तर कार्लॉफचं नाही? आक्षेप रास्त आहे. ते थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी गायलं. मात्र श्रेयनामावलीत त्यांचं नाव राहून गेलं आणि अनेकांनी गाणंही कार्लॉफचंच मानलं, इतका तो एक आवाज चित्रपटभर व्यापून होता. चूक निस्तरायला स्यूसनी वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रं धाडली. चिमुकल्या सिंडी लूला आवाज देणाऱ्या जून फोरे यांचंही नाव श्रेयनामावलीत नव्हतं.