इंजिनाचे टायमिंग : स्वतः जुळवावे की मेकॅनिककडे न्यावे?

पेट्रोलच्या इंजिनाची शक्ती सिलिंडरात किती इंधन जळते यावर जशी अवलंबून असते, तशीच ते नेमके केव्हा जळते यावरही अवलंबून असते. दट्ट्या हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबीत वर येतो आणि त्याच सुमारास स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते. परंतु सर्व मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत पसरण्यास थोडा अवधी लागतो. हा अवधी २ सहस्रांश सेकंद धरला आणि इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असले, तर तेवढ्यात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरून जातो. म्हणून दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. ती किती अंश आधी पडावी हे नियमित करणे म्हणजेच ठिणगीचे टायमिंग जुळविणे होय.

हे काम मालकाने स्वतः करावे, की पैसे देऊन मेकॅनिककडून करवून घ्यावे? हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही. चूक झाल्यास ती आपल्या ध्यानात येईल काय, आणि हानी होण्यापूर्वी ती सुधारता येईल काय, ह्या दोन कसोट्या प्रथम लावून पाहाव्यात.

उत्तरपारा येथील कारखान्यात तयार होणाऱ्या अँबेसॅडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी तिच्या जुन्या गाड्या हौशी मालकांनी आजही जपल्या आहेत. त्यांच्या डिस्ट्रिब्यूटरात उघडझाप करणारे पॉइंट असतात. पॉइंट उघडले की ठिणगी पडते. पॉइंट उघडणारी टाच झिजली की फट अरुंद होते व ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून प्रथम फीलर गेजने फट मोजून पुस्तिकेतील मापाप्रमाणे करावी. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून व हातब्रेक लावून क्रँकशाफ्ट हाताने फिरवावा आणि त्याच्या पुलीवरील खूण, पहिल्या सिलिंडरातील दट्ट्या मिश्रण दाबीत असताना, सांगितलेल्या अंशावर आणावी. ह्या वेळी डिस्ट्रिब्यूटरचा रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे वळलेला असला पाहिजे. पॉइंटची तार व इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्यूटर सैल करून सावकाश फिरविताना ज्या क्षणी दिवा लागेल, त्या जागी तो घट्ट करावा.

येथे चूक झाली तर इंजिन ती स्वतःच सांगते. ठिणगी फार लवकर पडत असेल, तर चढावर किंवा ओझे असताना धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. ती उशिरा पडत असेल, तर गाडी मंदावते, इंजिन तापते व पेट्रोल अधिक लागते. आवाज येताच गाडी थांबवून डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरविला की दोष जातो. दुर्लक्ष केल्यास मात्र दट्ट्यास भोक पडण्यापर्यंत मजल जाते. ज्याच्याजवळ पुस्तिका, फीलर गेज व थोडा धीर आहे, त्याने हे काम अवश्य शिकावे. इंजिन बंद खोलीत चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. तसेच चालू इंजिनाच्या प्लगच्या तारांना हात लावू नये. त्यांत हजारो व्होल्टचा दाब असतो.

झडपांच्या टायमिंगची गोष्ट निराळी आहे. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि हे प्रमाण साखळी किंवा दातेरी पट्टा राखतो. अनेक इंजिनांत दट्ट्या व झडप एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा बदलताना दात चुकले, तर इंजिन सुरू करताच दट्ट्या झडपेवर आदळून ती वाकू शकते. येथे पूर्वसूचना मिळेलच असे नाही, आणि वाकलेली झडप पुन्हा सरळ करून चालत नाही. पट्ट्याचा ताण राखण्यासाठी व शाफ्ट जागच्या जागी धरण्यासाठी विशेष हत्यारेही लागतात. तेव्हा अननुभवी मालकाने ही मजुरी देण्यातच शहाणपण आहे. मात्र काम झाल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून सर्व खुणा पुन्हा जुळल्या काय, हे त्याने मेकॅनिकला अवश्य विचारावे.

आजच्या बहुतेक मोटारींत ठिणगीची वेळ संगणक ठरवितो. क्रँकशाफ्टची स्थिती व इंजिनातील ठोके संवेदकांकडून त्यास कळतात. तेथे हाताने फिरविण्याजोगा डिस्ट्रिब्यूटरच नसतो. अशा गाडीचे टायमिंग जुळवून देतो असे कोणी म्हणाल्यास, नेमके काय जुळविणार हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.

सारांश, जी चूक आधी बोलते व नंतर सुधारते, ती करीत शिकण्यास हरकत नाही. जी मुकाट्याने नुकसान करते, तिच्यासाठी जाणत्याचा हात घ्यावा. परंतु इंजिनाचे कार्य समजून घेणे दोन्ही प्रसंगी उपयोगाचे आहे, कारण काम दुसऱ्यास दिले तरी ते नीट झाले की नाही हे अखेर मालकालाच पाहावयाचे असते.