फिक्हची ओळख (लेखांक ५) : इमाम शाफईंची 'रिसाला'

मुंबईत आणि कोकणात मशिदींमधून नमाजाच्या वेळांचे तक्ते लावलेले असतात. त्यांतल्या अनेक तक्त्यांवर असरच्या नमाजापुढे दोन वेळा छापलेल्या दिसतात, एक शाफई आणि एक हनफी. माध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली, की शाफई मताने असर सुरू होते. हनफी प्रघातात ती दुप्पट व्हावी लागते. यातला पहिला रकाना ज्यांच्या नावाचा, ते महंमद बिन इद्रीस अश-शाफई हे आजच्या लेखाचा विषय.

मागच्या दोन लेखांत आपण इराकचे अबू हनीफा आणि मदिनेचे मालिक यांची ओळख करून घेतली. अबू हनीफा वारले त्याच वर्षी, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये (हिजरी १५०), शाफईंचा जन्म गाझामध्ये झाला. वडील लवकर गेले. आई त्यांना मक्केला घेऊन आली. तरुणपणी ते मदिनेत मालिकांचे शिष्य झाले. पुढे यमनमध्ये सरकारी काम, बंडखोरांशी संबंध असल्याचा संशय, अटक, खलिफा हारून अल-रशीदसमोर हजेरी आणि सुटका. त्यानंतर इराकमध्ये अबू हनीफांचे शिष्य शैबानी यांच्याकडे बसून त्यांनी हनफी ग्रंथांचा अभ्यास केला. दोन्ही घराण्यांची विद्या अशी एकाच माणसाच्या पदरी पडली.

त्या काळी मदिनेचे विद्वान आपल्या शहरात चालत आलेल्या रिवाजाला मोठे वजन देत. इराकी विद्वानांचा भर तर्कावर असे. शाफईंचा दोघांनाही प्रश्न एकच होता: हा निर्णय तुम्ही कशाच्या आधारे दिलात, ते दाखवा. 'रिसाला' हा ग्रंथ याच प्रश्नातून उभा राहिला. त्यात कुराण, पैगंबरांची सुन्ना, इज्मा म्हणजे एकमत आणि कियास म्हणजे साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष यांचा क्रम लावलेला आहे. पुष्कळसा मजकूर संवादाच्या रूपात आहे. समोरचा शंका काढतो, शाफई उत्तर देतात, तो पुन्हा अडवतो.

यातला किब्ल्याचा दाखला मला फार मोलाचा वाटतो. नमाज काबागृहाकडे तोंड करून पढायचा असतो. काबा डोळ्यांसमोर असेल तर प्रश्नच नाही. पण दूर देशीच्या माणसाने काय करावे? सूर्य, तारे, वारे, डोंगर या खुणांवरून त्याने दिशा शोधावी, असे शाफई सांगतात. दोघांनी प्रामाणिकपणे शोध घेतला आणि दिशा वेगवेगळ्या निघाल्या, तरी दोघांनीही आपले कर्तव्य केलेले असते. मात्र काही न शोधता वाटेल तिकडे तोंड करण्याची मुभा कोणालाच नाही. कायद्यातही तेच. जिथे स्पष्ट वचन नाही तिथे खुणांवरून शोध घ्यायचा, हाच इज्तिहाद. मतभेदाला जागा द्यायची आणि मनमानीला द्यायची नाही, हा तोल इतक्या साध्या उदाहरणाने सांगणारा शास्त्रकार विरळाच.

ही शिस्त त्यांनी स्वतःलाही लावली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते इजिप्तमध्ये, फुस्तातला राहिले. तिथे त्यांनी आपली अनेक जुनी मते बदलली. शाफई ग्रंथांत आजही 'कदीम' म्हणजे जुने मत आणि 'जदीद' म्हणजे नवे मत असा भेद नोंदवतात. 'रिसाला'सुद्धा त्यांनी इजिप्तमध्ये नव्याने रचली आणि आपल्या हाती आहे ती हीच. शिष्य रबी बिन सुलैमान यांनी ती आणि 'अल-उम्म' हा विस्तृत ग्रंथ पुढे पोचवला. इ.स. ८२० मध्ये शाफई वारले. त्यांची कबर कैरोत आहे.

हा पंथ भारतात मुख्यतः समुद्रमार्गे, अरब व्यापाऱ्यांबरोबर आला. म्हणून उत्तरेत हनफींचे प्राबल्य असले, तरी कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यांवर शाफई परंपरा रुजली. फरक ताटातही दिसतो. हनफी मतात समुद्रातल्या जीवांपैकी फक्त मासा चालतो, आणि कोळंबीला मासा म्हणायचे की नाही यावर त्यांच्या विद्वानांत वाद आहे. शाफई घरात कोळंबीवर असा वाद होत नाही.

या परंपरेचे एक मोठे विद्वान आपल्या माहीमचे होते. 'तब्सीर अर-रहमान' हे अरबी कुराणभाष्य लिहिणारे मखदूम अली माहिमी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात वारले. माहीमच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या नावाला आजही 'फकीह', म्हणजे धर्मशास्त्रज्ञ, ही उपाधी लावली जाते.